परसूचा पत्ता

आमची सुकन्या भाकरी थापायला बसली की नवीन बाया हातातलं काम सोडून बघत राहायच्या. केशवापुरात एक खानावळ हाय, तिथं जोंधळ्याची भाकरी करून विकतात. लग्न होऊन हुबळीला आली त्या वर्षापासून ती तिथं. थापताना तिचा आवाज एका ठेक्यात यायचा, आणि तव्यावर टाकताना ती भाकरीकडं बघायची पण नाही. बोलणं कमी. हसायची मात्र पटकन. आणि हसवणारा घरातच होता, परसू.

परसू फ्लेक्स चढवायचा. चौकाचौकात मोठमोठे बोर्ड असतात, सोन्याच्या दुकानाचे, साड्यांचे, वाढदिवसाचे, ते. घरी आला की म्हणायचा, "आज एका पुढाऱ्याला नाकाला धरून वर चढवला बघ. आठ दिवसांनी कानाला धरून खाली उतरवतो." बाळाबाई म्हणजे त्याची आई, ती ओरडायची, "हळू बोल रे, भिंतीपलीकडं त्याचीच माणसं राहतात." परसू म्हणायचा, "राहू दे की. त्यांना पण मीच चढवतो."

त्याचं काम करायचं एक वेगळंच तंत्र होतं. मालक सांगायचा कमरेला दोरी बांध. परसू बांधायचा, पण त्याचा भरवसा दोरीवर नव्हता, डाव्या गुडघ्यावर होता. लोखंडी पाइपावर डावा पाय टाकायचा, गुडघ्यात घट्ट मोडायचा आणि मागं रेलायचा. कधी कधी पार डोकं खाली, पाय वर. मग दोन्ही हात मोकळे. खालून जाणारे लोक थांबून बघायचे, हा पडतोय का काय म्हणून. सुकन्यानं लग्नानंतर एकदाच बघितलं, स्टेशन रोडला. त्याच्या डोक्यामागं ऊन होतं. ती तिथनं पळतच घरी आली आणि परत कधी बघायला गेली नाही.

त्या पाइपानं त्याच्या गुडघ्याच्या मागं घट्टा पडला होता. काळा, जाड, बैलाच्या मानेवर जू घासून पडतो तसा. संध्याकाळी सुकन्या त्याला खोबरेल लावून चोळायची. तो म्हणायचा, "तुझा घट्टा हाताला, माझा पायाला. दोघं मिळून एक बैल झालो गे." पोरबाळ काही झालं नाही. त्यावरनं कोणी बोललं तर परसूच पुढं व्हायचा, "आमच्यात मीच लहान हाय, अजून एक कशाला?" तो घट्टा सुकन्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. माणूस गुडघ्याच्या मागची जागा कुणाला दाखवत बसतो?

पावसाळ्यात धारवाडच्या पलीकडं अळणावरला एका जत्रेच्या कमानीचं काम आलं. परसू सकाळच्या रेल्वेनं गेला. जाताना भाकरीचा डबा घेतला आणि बाळाबाईला म्हणाला, "आये, येतो." बाळाबाई म्हणाली, "पाऊस हाय, दारात उभारू नको गाडीत." तो म्हणाला, "मी उलटा लटकणारा माणूस, मला दाराची काय भीती?"

परत आला नाही.

अळणावरच्या माणसानं फोनवर सांगितलं, परसू कामाला आलाच नव्हता. त्याचा फोन बंद. पिंटू, त्याचा धाकटा भाऊ, रिक्षा चालवतो, त्यानं धंदा सोडून धारवाड बघितलं, अळणावर बघितलं, जंगलातल्या वस्त्यांवर फोटो दाखवत फिरला. पोलीस ठेसनात लिहून दिलं. पाऊस थांबत नव्हता. सुकन्या खानावळीत येऊन बसायची, पण थापताना आवाज चुकायला लागला, भाकऱ्या फाटायला लागल्या.

शेजारी बसून पीठ मळणारी रूपाली होती, तिला राहवलं नाही. म्हणाली, "अक्का, माणसाचा पत्ता लागत नाही तर पत्ता काढून तरी बघ की."

"कसला पत्ता?"

"त्या वरच्या मॅडम हायेत बघ, आपल्याकडनं डबा घेतात, दीपश्री मॅडम. त्या पत्ते काढून सांगतात. टॅरो म्हणतात त्याला. फोनवर लांबलांबची माणसं विचारतात त्यांना."

सुकन्या घाबरली. आमचं घर बाबासाहेबांना मानणारं. बाळाबाईनं जन्मभर कुणाला हात दाखवला नाही, कुणाचा अंगारा लावून घेतला नाही. तिला कळलं तर घरात घेणार नाही. पण रात्रंदिवस दाराकडं बघून बघून सुकन्याचं डोकं चालेना झालं होतं. बुडणाऱ्याला काडी दिसली तर तो काडीची जात विचारतो का?

दीपश्री मॅडम म्हैसूरकडच्या. नवऱ्याची इथं बदली झाली म्हणून आलेल्या. चांगली बाई, खोटं कशाला बोलायचं. पैसे घेतले नाहीत. सुकन्याला आत बसवलं, चहा दिला. पत्त्यांचा गठ्ठा समोर पसरला आणि कानडीत म्हणाल्या, एकच काढा, डाव्या हातानं. सुकन्यानं काढला.

पत्त्यावर माणूस. एका लाकडाला एका पायानं टांगलेला, डोकं खाली. दुसरा पाय गुडघ्यात मोडलेला. हात मागं. आणि डोक्याभोवती पिवळा उजेड, बुद्धाच्या फोटोत असतो तसा.

सुकन्या एकदम मागं सरकली. ह्या मॅडमना परसू काय काम करतो ते ठाऊक नव्हतं. तिनं फक्त सांगितलं होतं, नवरा घरी आला नाही. आणि पत्त्यात हा असा समोर. तसाच, स्टेशन रोडला बघितलेला.

मॅडमना वाटलं बाई भ्याली. त्यांनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "भिऊ नका. हा मेलेला माणूस नाही. गळ्याला दोर नाही बघा, पायाला हाय. तोंड बघा, किती शांत. हे लाकूड पण वाळलेलं नाही, त्याला पानं फुटलीत. हा आपल्या मनानं लटकलाय. बाहेरनं सगळं अडकलंय, पण आतनं ह्याला काहीतरी दिसायला लागलंय. ज्याला हा पत्ता येतो, त्यानं धडपड करायची नाही. जे आपण सरळ बघतो ते एकदा उलटं करून बघायचं." आणि मग त्यांनी सुकन्याच्या हातावर थोपटलं आणि हळू आवाजात दोन शब्द बोलल्या.

"ताळी. इन्नू ताळी."

सुकन्याचा हात गळ्याकडं गेला. ताळी म्हणजे कानडीत मंगळसूत्र. इन्नू म्हणजे अजून. अजून मंगळसूत्र हाय. ती रडली, पहिल्यांदाच मोकळं रडली. मॅडमनी तिला त्या पत्त्याचा फोटो फोनवर पाठवून दिला, म्हणाल्या रोज सकाळी शांत बसून बघा.

ती घरी आली ती वेगळीच बाई होऊन. मंगळसूत्राचे मणी धुतले, तुटायला आलेला दोरा बदलून घेतला. खानावळीत भाकरी परत गोल व्हायला लागली. रूपालीला म्हणाली, "हे कुठंतरी अडकलेत गे. जिवंत हायेत. अडकलेत."

थोड्या दिवसांनी पिंटूला पोलिसांचा फोन आला. अळणावरच्या अलीकडं रुळाच्या बाजूला, झाडीत, एक माणूस सापडलाय. पावसात पडून होता. धारवाडच्या सरकारी दवाखान्यात ठेवलाय, येऊन बघा.

पिंटू गेला. परत आला तो रिक्षातनं उतरलाच नाही. बाळाबाई बाहेर गेली, "काय रे?" तो म्हणाला, "आये, मला कळेना. तोंडच राहिलं नाही. जनावरांनी... अंगात तो फुकटात वाटतात तसला बनियन, असले शंभर जण घालतात. उंची तेवढीच वाटली. मी हो म्हणू का नाही म्हणू? हो म्हणून दुसऱ्याच्याच मढ्याला अण्णा म्हणालो तर?" मग आत येऊन सुकन्यासमोर खाली बसला. "वैनी, अंगावर काही खूण होती का अण्णाच्या? तीळ, डाग, ऑपरेशनचं काही? साहेब विचारतात. तू चल, नाहीतर नुसतं सांग."

सुकन्याला ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं. गुडघा, एवढंच म्हणायचं होतं. पिंटू रिक्षा घेऊन गेला असता, पाय वळवून बघितला असता, संपलं असतं.

पण संपलं असतं, तेच तर तिला नको होतं. आणि तिला एवढा मोठा आधार मिळाला होता, जिवंत लाकडाचा, शांत तोंडाचा. ती म्हणाली, "ते हे नव्हेत. मला कळतंय."

"कसं कळतंय?"

"इन्नू ताळी हाय माझी."

बाळाबाईनं मान वर केली. "हे कोण बोललं तुला?"

मग निघालं सगळं बाहेर. बाळाबाई कधी सुनेवर हात उगारणारी नव्हती, त्या दिवशी पण नाही उगारला, पण जीभ चालली. "आपण पोथ्या सोडल्या, पंचांग सोडलं, देवऋषी सोडले, आणि तू चित्रं बघून आलीस? रंगीत कागदावर माझा पोरगा शोधायला? जा, धारवाडला जा आणि डोळ्यांनी बघ."

"आत्ती, मी गेले तर ते मेले असं होतंय."

"आणि न्हाई गेलीस तर?"

पिंटू दोनदा तीनदा विचारत राहिला. बाळाबाई स्वतः निघाली होती, पण तिला दवाखान्याचा जिना चढवत नाही, आणि पिंटू म्हणाला आये, तू ते बघू नको, तुझ्यानं ते बघवणार नाही. खरं बोलायचं तर म्हातारीच्या मनात पण कुठंतरी होतं की सुकन्या म्हणते तेच खरं असावं. चित्राला शिव्या देत होती, पण परसूच्या ताटावर झाकण घालून ठेवत होती. पिंटूनं पोलिसांना सांगितलं, ओळख पटत नाही.

नियम असतो. ठरलेले दिवस ठेवतात, मग महापालिकेची माणसं बेवारशी म्हणून नेऊन पुरतात. तसंच झालं. त्यात कुणाची काही चूक नाही.

सुकन्या रोज सकाळी तो फोटो बघायची. तिच्यासाठी तो परसूच होता. कुठल्यातरी लांबच्या गावात पाय अडकलेला, तोंड शांत, डोक्यामागं ऊन. तिनं त्याच्याशी बोलायला सुरुवात केली होती. "उतरा की आता," म्हणायची. "किती लटकायचं ते."

पाऊस ओसरला तसं एक दिवस दीपश्री मॅडम खानावळीच्या दारात आल्या. मधे त्या म्हैसूरला गेल्या होत्या. सुकन्याला बघून थांबल्या, विचारलं, काय झालं, यजमान आले का? सुकन्या पिठाच्या हातानंच उठली. मंगळसूत्र पुढं करून दाखवलं. म्हणाली, "अजून नाही आले. पण तुमच्या शब्दावर हाय बघा मॅडम. पोलिसांनी कुणाचं तरी मढं दाखवलं, मी गेले नाही. तुम्ही म्हटलात, इन्नू ताळी. मी काढली नाही."

मॅडम तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचं तोंड पांढरं पडलं. "अय्यो," म्हणाल्या. "अय्यो अम्मा. नानु अंदिद्दु कायिरि अंत." मी म्हणाले ते थांबा म्हणून.

म्हैसूरकडं ताळी म्हणजे थांबा, धीर धरा. इन्नू ताळी म्हणजे अजून थोडं थांबा. आपल्या हुबळीत थांबा म्हणायचं तर तडीरी म्हणतात, नाहीतर ताळ्री. इथं मान देऊन बोलताना शब्दाला री लावल्याशिवाय कोण कुणाशी बोलतंय? री नसलेली ताळी हुबळीच्या बाईला गळ्यातच दिसणार, दुसरीकडं कुठं दिसणार?

रूपाली मधे पडली, "असू दे अक्का, थांबाच म्हणाल्या ना, मग तू थांबलीसच की." सुकन्यानं तिच्याकडं बघितलं पण नाही. मॅडमना म्हणाली, "पण तो पत्ता? तो तर ह्यांचाच होता. ते तसेच लटकतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "पत्ता ज्यानं काढला त्याचा असतो, अम्मा. जो घरी नाही त्याचा नसतो. तो लटकलेला माणूस तुम्ही होता. मी म्हणत होते, घाईनं काही मनाशी ठरवू नका, फोन येईपर्यंत धीर धरा, आणि जे बघायला नको वाटतंय ते वळून बघा. उलटं करून बघा म्हणाले होते मी."

तव्यावरची भाकरी जळून धूर झाला. कुणी उतरवली नाही.

सुकन्या तशीच पिंटूच्या रिक्षात बसली. पिंटूनं सरळ धारवाड गाठलं. दवाखान्यात मढी ठेवायच्या खोलीवर कृष्णा म्हणून एक माणूस होता, वयस्कर, तोंडात पान. पिंटूनं सांगितलं, पावसातला, अळणावरच्या रुळाचा. कृष्णानं मान हलवली, आठवतंय म्हणाला, पण असे पुष्कळ येतात. तेव्हा सुकन्या बोलली. जो शब्द तेव्हा बोलायचा होता तो आता बोलली.

"डावा पाय. गुडघ्याच्या मागं."

कृष्णा चघळायचा थांबला. त्यानं स्वतःच्या पायाला मागनं हात लावून दाखवलं. "इथं? जाड, काळं? होता यव्वा. धुताना हाताला लागला. मी साहेबांना म्हटलं पण, ह्याचा पाय बघा, जू ओढल्यासारखा हाय, हा काय धंदा करत होता कुणास ठाऊक." मग त्याला कळलं आपण कुणाशी बोलतोय ते, आणि तो पान थुंकायला म्हणून बाहेर गेला आणि लवकर आत आला नाही.

पिंटू भिंतीला डोकं लावून म्हणत होता, "वैनी, एवढंच सांगायचं होतं गे. एवढंच." तिला रागानं म्हणत नव्हता. रागानं म्हटला असता तर बरं झालं असतं.

पुरायची जागा गावाबाहेर. तिथला माणूस म्हणाला, ह्या बाजूला, कुठंतरी ह्या तुकड्यात. तेव्हा चिखल होता, आता गवत वाढलंय, नेमकं सांगता येत नाही. परत उकरायचं तर वरच्या साहेबांचा हुकूम लागतो, आणि उकरून तरी कुठला म्हणून उकरणार? सुकन्यानं मेणबत्त्या आणल्या होत्या. आपल्यात लावतात तशा. ती इथं बसली, उठली, तिथं बसली. गवतात हात घालून बघत होती, जणू खाली गुडघा लागणार हाय. पिंटू म्हणाला, "वैनी, कुठं पण लाव." ती म्हणाली, "कुठं पण कशी लावू? दुसऱ्याला लागली तर?" जिवंतपणी पत्ता लागला नाही, आणि आता हे. मेणबत्त्या तशाच पिशवीत घालून परत आणल्या.

घरी बाया जमल्या. अशा वेळी मढं पुढ्यात असतं, बायको रडते, कुणीतरी म्हातारी पुढं होऊन गळ्यातलं काढते. इथं पुढ्यात काय, सतरंजी. एकीनं हळूच म्हटलं, काढायचं का आता? दुसरी म्हणाली, मातीच नाही तर कशासमोर काढायचं? बसून बसून बाया उठून गेल्या. मंगळसूत्र तसंच राहिलं. अजून तसंच हाय. सुकन्या खानावळीत जाते, पण तिला थापायला देत नाहीत, पीठ चाळायला बसवतात. मधेच हात थांबतो आणि ती चाळणीतनं पलीकडं बघत राहते. दीपश्री मॅडमनी पत्ते बघायचं सोडलं म्हणे. सोडलं तर सोडलं, त्यानं काय होतंय.

बाळाबाईनं सुनेला शिव्या देणं बंद केलं त्या दिवसापासून. ते जास्त वाईट. परवा संध्याकाळी दिवा लावायच्या टायमाला म्हातारी एकदम म्हणाली, "दाखव मला ते."

"काय आत्ती?"

"ते चित्र. सगळ्यांनी बघितलं, मी न्हाई बघितलं."

सुकन्यानं फोन उघडून दिला. म्हातारीनं चष्मा पुसला. बराच वेळ बघत होती. परसूचं मेलेलं तोंड तिनं बघितलं नाही, कुणीच नीट बघितलं नाही. हेच काय ते.

"पाय त्याचाच हाय," म्हणाली. "आणि हे तोंड. कामावर असला की असाच गप्प असायचा." मग म्हणाली, "पण असं उलटं ठेवू नये गे लेकराला. रक्त उतरतंय डोक्यात."

म्हणून तिनं फोन फिरवला, त्याला सरळ उभा करायला. फोन फिरवला तसं चित्र पण फिरलं. डोकं खालीच. तिनं दुसऱ्या बाजूनं फिरवला. परत चित्र फिरलं, परत डोकं खाली. म्हातारीला कळेना. "पिंट्या, ह्याला सरळ कर की रे," म्हणाली. पिंटूनं फोनकडं बघितलं, हात पुढं केला, आणि तसाच उठून बाहेर रिक्षात जाऊन बसला.

सुकन्या गळ्यातलं मुठीत धरून भिंतीला बसली होती. म्हातारी फोन फिरवतच होती. हळूहळू फिरवायची, कदाचित हळू फिरवला तर त्याला कळणार नाही म्हणून. तरी तो आपला प्रत्येक वेळी फिरायचा, आणि पाय वर, डोकं खाली.